चालू स्थितीत काढलेलं इंजिन

वाचकाचं पत्र, थोडक्यात: लिहिणारे गृहस्थ चोपन्न वर्षांचे, मुंबईत राहणारे. दोन शाळकरी मित्रांसोबत त्यांनी एक जुनी 26 फुटी फायबरची शिडाची बोट घेतली. ती सध्या मांडव्याजवळ एका यार्डात ताडपत्रीखाली आहे. मूळ इंजिन गंजून गेलेलं, म्हणून गोव्याहून एका मोडीत काढलेल्या परदेशी बोटीचं यानमार 2जीएम20 हे दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन आणलं. विकणाऱ्याने ते 'चालू स्थितीत काढलेलं' म्हणून, वरून कंपनीच्या राखाडी रंगाचा हात मारून दिलं. आता एक मित्र म्हणतो, बसवून टाकू, चालतंय की नाही ते पाण्यात कळेलच. दुसरा म्हणतो, हे भंगारात द्या आणि नवं घ्या. बंदरावरचे मिस्त्री म्हणतात, पूर्ण खोलून, बोअर मारून (सिलिंडर आतून कोरून गुळगुळीत करून), नवंकोरं करून देतो. बायको म्हणते, "समुद्रात बंद पडलं तर?" दसऱ्याला बोट पाण्यात उतरवायची आहे. पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिलंय: "मला एकाच शब्दात उत्तर द्या. उघडू की नको?"

उत्तर:

तुमच्या पत्रात 'चालू स्थितीत काढलेलं' हे शब्द चार वेळा आले आहेत. मी मोजले. विकणारा खोटं बोलला असं मी म्हणत नाही, तो खरंच बोलला असेल. पण त्या वाक्याला तारीख नाही. इंजिन काढलं कधी? काढल्यावर गोड्या पाण्याने धुतलं का? एक्झॉस्टचं तोंड बंद करून ठेवलं होतं, की दोन पावसाळे ते उघड्या तोंडाने कुठल्या तरी माडाखाली पडून होतं? एक फोन करून एवढे तीन प्रश्न विचारा. उत्तरं मिळाली तर उत्तम. समोरचा गोंधळला, तर तेही उत्तरच आहे.

एका शब्दात उत्तर मागितलंत, ते मला देता येणार नाही. उघडायचं की नाही हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न, या इंजिनाला झालंय काय. डॉक्टरकडे गेल्यावर आपण पहिलं वाक्य 'ऑपरेशन करू की नको?' असं बोलत नाही.

आधी तुमच्याकडे नेमकं काय आहे ते समजून घेऊ. 2जीएम20 म्हणजे 636 सीसी, 3600 आरपीएमला 18 एचपी. तुमच्या बोटीला भरपूर झालं. जीएम मालिका 1980 च्या दशकात जगभरच्या छोट्या शिडाच्या बोटींमध्ये इतकी बसली की आजही सुटे भाग मिळतात. भाग मिळत नसते, तर तुमच्या दुसऱ्या मित्राचं म्हणणं मी लगेच मान्य केलं असतं. मजा अशी की ही कंपनी मुळात शेतकऱ्यांची. 1933 मध्ये त्यांनी छोटं डिझेल इंजिन व्यवहारात आणलं ते शेतीच्या कामांसाठी, आपल्याकडे किर्लोस्कर इंजिनाने विहिरीवर जे काम केलं त्याच जातीचं. म्हणजे हे नाजूक घड्याळ नाही. धड डिझेल, धड पाणी आणि स्वच्छ ऑइल मिळालं की ते बिचारं कुरकुर करत नाही.

आता पाटीवरचं एक अक्षर बघा. 2जीएम20 च्या पुढे 'एफ' असेल तर इंजिनाच्या आत गोडं पाणी आणि कूलंट फिरतं, आणि समुद्राचं पाणी फक्त हीट एक्स्चेंजरपर्यंत, म्हणजे ते गोडं पाणी थंड करणाऱ्या भागापर्यंत, येतं. तुम्ही लिहिल्याप्रमाणे 'एफ' नाही. म्हणजे समुद्राचं खारं पाणी थेट ब्लॉकच्या आत, सिलिंडरच्या भोवती फिरतं. म्हणून त्याचा थर्मोस्टॅटही (पाणी तापलं की उघडणारी झडप) 42 अंशांच्या आसपासच उघडायला लागतो, कारण खारं पाणी फार तापलं की क्षार आतल्या भिंतींवर बसतात. अशी इंजिनं वीस-पंचवीस वर्षं खुशाल चालतात. पण ती बाहेर काढून, आतलं खारं पाणी तसंच ठेवून कोरडी पडू दिली, की ओलसर मीठ आणि हवा मिळून ओतीव लोखंड खायला लागतात. गंजाचे पापुद्रे सुटतात आणि पाण्याच्या वाटेत अडकतात.

मी जहाजावर होतो तेव्हा लाइफबोटीचं इंजिन दर आठवड्याला किमान तीन मिनिटं चालवायचं हा आंतरराष्ट्रीय नियमच होता, आजही आहे. सुरुवातीला मला तो कागदी सोपस्कार वाटायचा. मग एका जहाजावर बदली होऊन गेलो, तिथे वहीत तीन मिनिटं दर आठवड्याला लिहिलेली होती आणि इंजिन मात्र फिरत नव्हतं. मुख्य इंजिन दिवसरात्र राबून ठणठणीत, आणि हे बसून बसून गेलेलं.

तुमच्या मिस्त्रींचं निदान मला पटत नाही ते यामुळेच. त्यांच्या हाताला मी कमी लेखत नाही. पण त्यांचा हात बसलाय मच्छीमार बोटींवर. तिथे लेलँडचं सहा सिलिंडरचं इंजिन हंगामात दिवसाचे दहा-बारा तास लोडवर असतं. ते झिजतं, ऑइल खातं, धूर टाकतं, मग पावसाळ्याच्या मासेमारीबंदीत ते खोलून बोअर-पिस्टन करायचं, हे अगदी बरोबर आहे. शिडाच्या बोटीचं इंजिन वर्षातून शंभर तास चाललं तरी डोक्यावरून पाणी. त्याला झीज कमी असते आणि गंज जास्त. झिजलेल्या इंजिनाचा इलाज गंजलेल्या इंजिनाला केला, तर सिलिंडर चकचकीत होतील, बिल मोठं येईल, आणि पाण्याच्या वाटा होत्या तशाच तुंबलेल्या राहतील. शिवाय कारखान्यात घट्ट बसलेलं आणि आजवर टिकलेलं काही विनाकारण सोडवलं की ते परत तितक्याच सफाईने बसेल याची खात्री नसते. जहाजावर आम्ही नव्या पोरांना सांगायचो, चालतंय ना, मग हात लावू नकोस.

मग पहिल्या मित्राचं बरोबर का, बसवून बघायचं? नाही. इथे मी जरा ठाम बोलतो. इंजिन आत्ता तुमच्यासमोर लाकडी चौकटीवर आहे. चारही बाजूंनी हात जातो, दिवा लागतो, खाली वाकून ऑइल पॅनचा तळ दिसतो. एकदा ते कॉकपिटखाली गेलं की पुढची पंधरा वर्षं तुम्हाला त्याचं फक्त तोंड दिसणार आहे. मागचं ऑइल सील, गिअरबॉक्स आणि इंजिनाच्या मधली धक्के शोषणारी डॅम्पर प्लेट, स्टार्टरची मागची बाजू, पॅनखालचा गंज, यांतलं काहीही बघायचं तर शंभरएक किलोचं धूड पुन्हा चेनब्लॉकने उचलायचं. काय काय उघडायचं याची यादी करू नका. काय फक्त आत्ताच हाताला लागतंय, याची करा.

आता प्रत्यक्ष काम. मी ज्या क्रमाने केलं असतं त्या क्रमाने सांगतो. घाई करून स्टार्टर मारायचा नाही, हे पहिलं. बरंच पडून राहिलेलं इंजिन बॅटरी लावून एकदम फिरवलं आणि आत पाणी असेल, तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी दोन्ही नोझल, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग, काढा. भोकांतून चमचाभर ऑइल प्रत्येक सिलिंडरमध्ये सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी डीकॉम्प्रेशनच्या (सिलिंडरमधला दाब सोडणाऱ्या) खटक्या उचलून पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून हाताने फिरवा, सावकाश, आणि फिरण्याच्या दिशेनेच. उलटं फिरवलं तर वॉटर पंपातल्या रबरी इंपेलरच्या पाकळ्या उलट्या वळतात. दोन पूर्ण फेरे सुरळीत गेले तर अर्धी काळजी मिटली. अडकलं तर जोर करू नका, पुन्हा ऑइल, पुन्हा एक रात्र. वाट बघण्याला पैसे पडत नाहीत.

मग जुनं ऑइल काढा, पण ओतून देऊ नका. स्वच्छ बरणीत भरून दोन दिवस ठेवा. दुधाळ चहासारखं दिसलं तर पाणी गेलंय. डिझेलचा वास आला आणि ऑइल पातळ लागलं तर आधी टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाचा डायफ्रॅम, म्हणजे आतला पडदा, तपासा. तळाशी लोहचुंबक फिरवून बघा. बारीक करडी भुकटी चालेल, चमकणारे तुकडे दिसले, चुंबकाला न चिकटणारेही, तर बेअरिंगची गोष्ट आहे, आणि मग बोलणं वेगळं.

काढलेली नोझल पंप-नोझलच्या दुकानात न्या. ट्रॅक्टर आणि टेम्पोची नोझल रोज तपासणारी ही दुकानं अलिबाग-पेणपासून कुठेही आहेत. तुमच्या इंजिनाला चौरस सेंटिमीटरला 170 किलोच्या आसपास दाबावर नोझल उघडायला हवं, आणि फवारा धुक्यासारखा हवा, धार नको. नोझलना डिझेल पुरवणाऱ्या इंजेक्शन पंपाला मात्र हात लावू देऊ नका. दुकानदार म्हणेल, "साहेब, पंप पण आणा, कॅलिब्रेशन करून टाकू." दोन्ही नोझलना डिझेल सारखं येत असेल, तर पंप जागेवरच बरा.

नोझल बाहेर आहेतच, तर त्या भोकांतून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबल्यावर चढणारा दाब, मोजून घ्या. मॅन्युअलमधला आकडा समोर ठेवा, पण त्याहून जास्त लक्ष दोन सिलिंडरांतल्या फरकाकडे द्या. दहा टक्क्यांच्या आत असेल तर समाधान माना. या इंजिनाला ग्लोप्लग नसतात. फक्त दाबाच्या उष्णतेवर ते सुरू होतं, त्यामुळे कॉम्प्रेशन महत्त्वाचं आहे हे खरं. तरीही पहिला आकडा कमी आला म्हणून मिस्त्रींना फोन लावू नका. पडून राहिलेल्या इंजिनाच्या रिंगा खाचेत चिकटलेल्या असतात, व्हॉल्व्हच्या बैठकीवर गंजाची साय असते. तासभर चालल्यावर तोच आकडा वर आलेला मी कित्येकदा पाहिलाय. व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणाऱ्या भागामधली फट) तेवढा तपासा, थंड इंजिनावर 0.2 मिमी. फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, घेऊन अर्ध्या तासाचं काम, कोणताही माणूस करू शकतो.

यानंतर इंजिन बाहेरच चालवायचं. तुम्हा तिघांचं भांडण इथेच मिटेल. लोखंडी अँगलची किंवा जाड वाशांची चौकट करा आणि इंजिनाचे चारही पाय बोल्टने आवळा. नुसतं टायरवर ठेवून चालवणारे मी पाहिलेत. दोन सिलिंडरचं इंजिन सुरू होताना आणि बंद होताना असं काही थरथरतं की ते टायरवरून उतरून चालायला लागेल. पाण्यासाठी बादली ठेवा, वॉटर पंपाची नळी तिच्यात सोडा आणि नळाचा पाइप बादलीत चालू ठेवा. नळ थेट पंपाला जोडायचा नाही, दाबाने पाणी नको तिथे जातं. डिझेलसाठी छोटा कॅन, मध्ये फिल्टर. नवं ऑइल, ऑइल प्रेशरचं साधं यांत्रिक मीटर. काम उघड्यावर. आणि एक फळी हाताशी हवीच, हवा आत जाते ते तोंड पूर्ण झाकेल एवढी. क्वचित एखादं जुनं इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन सुसाट पळायला लागतं. तेव्हा डिझेल बंद करून उपयोग नसतो, हवाच बंद करावी लागते. फळीने करायची, तळहाताने कधीही नाही.

सुरू झालं की पहिल्या मिनिटात दोनच गोष्टी बघा. ऑइलचा दाब चढला का, आणि एक्झॉस्टमधून पाणी पडतंय का. त्यानंतर वीस मिनिटं आयडलवर, मग थोडं वाढवून. लोड नसताना पूर्ण रेस करायची हौस आवरा. धूर बघा. सुरुवातीचा पांढरा धूर तापल्यावर गेला तर ठीक. निळा राहिला तर ऑइल जळतंय, त्याला आणखी दोन-तीन बैठका द्या, रिंगा सुटल्या तर कमी होईल. ऑइल भरायचं झाकण काढून आतून फुसफुस किती येते ते पाहा. शेवटी गरम असतानाच ऑइल काढून टाका, पुन्हा नवं भरा. पहिलं ऑइल हे आत धुण्यासाठीच होतं असं समजा.

आता पाण्याची बाजू. इथे मी हात आखडता घेऊ देणार नाही, कारण शिडाच्या बोटींची इंजिनं मरतात ती बहुतेक इथे, किंवा घाणेरड्या डिझेलमुळे. सिलिंडर झिजून फार थोडी जातात. थर्मोस्टॅट काढा. ब्लॉकमधले झिंकचे ॲनोड (लोखंडाऐवजी स्वतः झिजून जाणारे झिंकचे तुकडे), मॅन्युअलमध्ये जितके दाखवलेत तितके सगळे, शोधून काढा. एखादा त्या सुंदर राखाडी रंगाखाली दबलेला असेल. झिंक पूर्ण विरघळून नुसता बोल्ट उरला असेल, तर नंतर समुद्राने काय खाल्लं असेल याचा अंदाज येतो. भोकातून बारीक तारेने खरवडून बघा. गंजाचे पापुद्रे निघत राहिले तर सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, कोमट पाण्यात लिटरला पन्नास ग्रॅमच्या हिशोबाने विरघळवून छोट्या पंपाने दोन-तीन तास फिरवा. झिंक आणि ॲल्युमिनियमचे भाग आधी काढून ठेवा. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आणि मग भरपूर साध्या पाण्याने धुवा. संडास धुवायचं ॲसिड कोणी सुचवलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

आणि एक्झॉस्टचा एलबो. इंजिनातून निघणारा गरम धूर आणि वापरून झालेलं खारं पाणी ज्या वाकड्या ओतीव तुकड्यात एकत्र येतात, तो. आतून काजळी आणि मीठ साचून त्याचं तोंड पेनाएवढं होतं. किंवा पाणी आणि धूर यांच्यातली भिंत खाल्ली जाते, आणि मग बंद इंजिनात पाणी मागच्या मागे सिलिंडरमध्ये उतरतं. बाहेरून काहीही दिसत नाही. निवृत्तीनंतर एका मित्राची बोट गोव्यात होती. इंजिन तापायचं, आरपीएम चढायचे नाहीत, काळा धूर. दोन मिस्त्री आणि तिसरा मी, तीस वर्षं जहाजावर काढलेला. आम्ही हेड उतरवलं. गॅस्केट बदललं, व्हॉल्व्ह घासले, पाच दिवस घालवले, परत बसवलं, तरी तेच. सहाव्या दिवशी मित्राच्या मुलाने विचारलं, "काका, हा वाकडा पाइप कुणी उघडलाच नाही ना?" उघडला. आत काजळीचा दगड झाला होता, शिसपेन्सिल जेमतेम गेली असती. त्या पाच दिवसांचा खर्च मी मित्राला आजवर विचारलेला नाही आणि त्याने सांगितलेला नाही. जुन्या इंजिनाचा एलबो तपासत बसू नका, बदला. ओतीव घ्या नाहीतर स्टेनलेसचा, पण नवा.

बाकीचं पटकन सांगतो. इंपेलर, बेल्ट, सगळ्या रबरी नळ्या, इंजिनाचे रबरी पाय नवे. मागचं सील पाझरत असेल तर आत्ताच. डॅम्पर प्लेटच्या स्प्रिंगा हलवून बघा. गिअरबॉक्सचं ऑइल बदला, पुढे-मागे गिअर टाकून हाताने शाफ्ट फिरतो का पाहा. स्टार्टर आणि अल्टरनेटर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे. जुनं वायरिंग कापून टाका, जोडत बसू नका. पॅनचा तळ खरवडा, आणि भोक पडत नसेल तरच रंग लावा. पावसाळा संपेपर्यंत इंजिन शेडमध्ये राहणार असेल तर प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळू नका, आत घाम धरतो. वरून छप्पर, बाजूने हवा, आणि आठवड्यातून एकदा हाताने दोन फेरे.

आता तुमच्या दुसऱ्या मित्राबद्दल. 'नवं घ्या' म्हणणारा माणूस नेहमी उधळ्या असतो असं नाही. दर रविवारी बोट दुरुस्त करायची की चालवायची, हा त्याचा प्रश्न रास्त आहे. म्हणून इंजिन पहिल्यांदा सुरू करण्याआधी, आधीच, तिघांनी एका कागदावर लिहा: काय निघालं तर किती खर्च करायचा आणि काय निघालं तर थांबायचं. माझ्या मते थांबायच्या जागा तीन. ब्लॉकमध्ये तडा किंवा पाण्याची भिंत आरपार खाल्लेली. ऑइलमध्ये बेअरिंगचे तुकडे आणि तळातून ठोके. गरम झाल्यावर ऑइलचा दाब पडणं. यांतलं काही निघालं तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला करू नका. स्टार्टर, गिअरबॉक्स, पंप, नोझल सुटे विकले तरी बरेच पैसे परत येतील. आणि यांतलं काही निघालं नाही, तर मिस्त्रींना सांगा की बोअर नको, एलबो, पाणी आणि सील करून द्या. कागद आधी लिहिण्याचं कारण इतकंच की इंजिन फुर्रकन सुरू झालं की तिघांपैकी एकाच्याही डोक्यात व्यवहार उरत नाही. मी स्वतः टाळ्या वाजवलेल्या आहेत.

बसवताना तीन गोष्टी मिस्त्रींवर सोडू नका. पहिली, डिझेलची टाकी. जुनी टाकी रिकामी करून आतून पुसून घेतल्याशिवाय हे सगळं व्यर्थ. पावसाळ्यात अर्ध्या भरलेल्या टाकीत पाणी धरतं, तळाशी काळा गाळ जमतो, बंदरात तो शांत बसतो आणि लाटांवर हलला की फिल्टरमध्ये येतो. म्हणजे इंजिन बंद पडणार ते नेमकं समुद्र खवळल्यावर. पारदर्शक वाटीचा, पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा, आणि डिझेल लाइनमधली हवा काढायला तिघांनीही शिका. डोळे मिटून, एका पान्याने.

दुसरी, सायफन. एक्झॉस्टमध्ये पाणी सोडण्याची जागा पाण्याच्या पातळीखाली किंवा जेमतेम वर असेल, तर इंजिन बंद असतानाही समुद्राचं पाणी हळूहळू आत ओढलं जातं, नळीने टाकीतून डिझेल काढतात तसं. सकाळी सिलिंडर पाण्याने भरलेले. त्यासाठी पाण्याच्या नळीला पातळीच्या बरंच वर वळसा आणि त्यावर हवा घेणारा व्हॉल्व्ह हवा. याच कारणासाठी, बसवल्यानंतर इंजिन सुरू होत नसेल आणि बराच वेळ स्टार्टर मारावा लागला, तर समुद्राचं पाणी आत घेणारा कॉक बंद करून मारा आणि सुरू होताक्षणी उघडा. नाहीतर पंप एक्झॉस्टचा मफलर पाण्याने भरत राहतो, आणि पाणी बाहेर ढकलायला धूर नसतो.

तिसरी, अलाइनमेंट, म्हणजे इंजिन आणि पंख्याचा शाफ्ट एका रेषेत आणणं. यार्डात करतात ती तात्पुरती. फायबरची बोट जमिनीवर टेकवलेली असताना एका आकाराची असते आणि तरंगताना दुसऱ्या. पाण्यात उतरवून एक-दोन दिवस तशीच ठेवा, मग इंजिन आणि शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगच्या दोन फ्लँज (चकत्या) मोकळ्या करून चारही बाजूंनी फीलर गेज लावा. चार इंची फ्लँजला फरक 0.1 मिमीच्या आत हवा. मिस्त्री म्हणतील की एवढं कोण बघतं. तुम्ही बघा.

दसऱ्याची तारीख सुटली तर सुटू द्या. ऑक्टोबरअखेर वारे स्थिरावतात, तुमचं काही बिघडत नाही. ज्या वाचकांकडे 'एफ' असलेलं किंवा दुसऱ्या कंपनीचं इंजिन आहे, त्यांचे आकडे आणि झिंकच्या जागा बदलतील, क्रम हाच.

राहिला तुमच्या घरातला प्रश्न. तो तुम्ही पत्रात शेवटून दुसऱ्या ओळीत टाकलात. मला तो सर्वांत शहाणा वाटला. समुद्रात बंद पडलं तर? बंद पडेलच कधीतरी, नवं असलं तरीही. तुमची बोट शिडाची आहे. इंजिन लागतं ते मुख्यतः संध्याकाळी, वारा पडल्यावर आणि ओहोटी बाहेर ओढत असताना, मूरिंगपर्यंतच्या, म्हणजे बोट बांधायच्या जागेपर्यंतच्या, शेवटच्या अंतरासाठी. तेव्हा वाऱ्याविना शीडही उपयोगाचं नसतं. उरतो नांगर. पत्रात इंजिनाबद्दल तुम्ही तीन पानं लिहिलीत आणि नांगराचा उल्लेख नाही. बोटीवर तो आहे का, किती किलोचा, त्याला साखळी आहे का, हे आज जाऊन बघा.

पहिला महिना दिवसाउजेडी, बंदराच्या आत राहा. एका रविवारी वहिनींना बोटीवर घेऊन जा, ओहोटीच्या वेळी, चार मीटर पाण्यात इंजिन मुद्दाम बंद करा आणि नांगर त्यांनाच टाकू द्या. दोरी किती सोडायची ते आधी घरी, दिवाणखान्यात मोजून दाखवा. मुंबईत उधाणाला पाणी चार-साडेचार मीटरने चढतं, म्हणजे ओहोटीचे चार मीटर भरतीला साडेआठ होतील. त्याच्या पाचपट धरलं तरी बेचाळीस-पंचेचाळीस मीटर दोरी लागेल, आणि तिचं दुसरं टोक बोटीला बांधलेलं आहे ना, हे नांगर टाकण्याआधी बघायचं.